रूपीबाईनं निवडलेले अकरा

करंजपाड्यात कोणाच्या पायात काटा मोडला की तो लंगडत लंगडत रूपीबाईच्या अंगणात यायचा. नुसता करंजपाडाच कशाला, रंगावलीच्या दोन्ही काठांवरच्या पंधरा-वीस पाड्यांतले पाय तिच्या मांडीवर येऊन गेले होते. अंगणातल्या मोहाखाली एक चपटा दगड होता. त्यावर ती बसायची, आलेल्याला बाजेवर बसवायची, पाय मांडीवर ओढून घ्यायची आणि आधी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसायची. मग अंगठ्यानं दाबत दाबत सगळा तळवा तपासायची. बाजेवरचा माणूस "इथं, इथं" म्हणून बोंबलत असला तरी तिकडे तिचं लक्ष नसायचं. कुठे दुखतंय हे दुखणाऱ्याला नीट सांगता येत नाही, असं तिचं ठाम मत होतं. काटा खोल असला तर रुईचा चीक, वर गरम गुळाचा शेक, आणि काटा जरा वर आला की बाभळीच्याच काट्यानं तो उचकटायचा. काम झालं की पायावर एक चापट. "ऊठ, जाय आते." पैसे ती घेत नसे. कोणी वाळकं आणून ठेवली, कोणी पसाभर तांदूळ, तर नाही म्हणत नसे.

माहेरी मावची बोललेली ही बाई सासरी आणि नवापूरच्या बाजारात अहिराणी बोलायची, आणि काटा काढताना तर जो येईल त्याची भाषा. पण तिची खरी भाषा पायांची होती. माणसाचं तोंड तिला आठवत नसे. वाटेत कोणी रामराम केला तर ती आधी खाली बघायची, आणि मग म्हणायची, "हां, तू दलपत."

वीस वर्षांत तिला एक गोष्ट कळून चुकली होती. काटा कुठे रुततो, त्यावरून माणूस कसा चालतो ते समजतं. टाच आपटत चालणाऱ्याच्या टाचेत काटा. डोक्यावर ओझं वाहणाऱ्याच्या मधल्या खळग्यात. जो पळतो, खरा पळतो, त्याच्या चवड्यात. पळता पळता गर्रकन वळणाऱ्याच्या करंगळीच्या बाजूला. नजर वर ठेवून चालणाऱ्याला काटे फार, खाली बघून पाय टाकणाऱ्याला कमी. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि तिनंही कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कोणाला? आणि ऐकून त्यानं करायचं काय?

इतक्या लोकांचे काटे काढणाऱ्या रूपीबाईचा नवरा मात्र काट्यानंच गेला. करणसिंग नाव. सन एकोणीसशे बावीसच्या पावसाळ्याआधी झोपडीच्या कुडासाठी बांबू तोडताना त्याच्या तळपायात सल घुसली. रूपीबाईनं ती काढली, निरखून पाहिलं, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "निघना समदा." आठव्या दिवशी करणसिंगची दातखीळ बसली. धनुर्वात. कणभर टोक आत राहिलं होतं. ज्या अंगठ्याला कोणाच्याही पायातली कुसळसुद्धा सापडायची, त्याला नेमकं ते टोक सापडलं नाही.

त्यानंतर तिनं दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही तिनं लेकाच्या मायेनंच केल्या, हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

रायसिंग तेव्हा सात वर्षांचा होता. बाराव्याचं जेवण उरकल्यावर तिनं त्याला समोर उभं केलं, दोन्ही खांदे धरले आणि म्हणाली, "मन्ही आन शे तुले. तुन्हा पायमा काटा लागना तं मी जगाव नही. समजना का?" पोरगं म्हणालं, "नही लागाव, माय."

आणि दुसरी गोष्ट, तिनं त्याच दिवसापासून रायसिंगचा तळपाय बघणं सोडलं. जगात सगळ्यात आधी दृष्ट लागते ती आईचीच, असं आपल्याकडे म्हणतात, आणि तिची नजर तर एकदा घरच्या पायाला लागून चुकली होती. परक्यांचे पाय ती मांडीवर घ्यायची. लेक झोपला की त्याच्या पायांवर गोधडी ओढायची आणि तोंड फिरवायची.

रायसिंगला खरोखरच काटा लागेनासा झाला. एक वर्ष गेलं, दोन गेली, दहा गेली. सगळा पाडा लंगडत अंगणात यायचा आणि ह्या पोराच्या चालीत कधी फरक पडला नाही. रूपीबाई ज्याला त्याला सांगायची, "मन्हा आंडोर खाले देखीसन चालस. दहा वरीसमा एक काटा नही." सांगताना तिचा आवाज इतका सुखावलेला असायचा की शेजारी राहणारी तिची नणंद गंगीबाई चुलीत तोंड घालून फुंकत बसायची.

मास्तर आला तो एकतीस साली. पितांबर त्याचं नाव, रनाळ्याच्या सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा. घरी काळी कसदार जमीन, विहीर, बैलजोड्या, आणि हा शहाणा नवापूरच्या शाळेत पोरं शिकवायला डोंगरात आला. बदलून गेलेल्या कोण्या साहेबानं जाताना त्याला एक कातडी फुटबॉल दिला होता. त्या चेंडूनं मास्तराला पछाडलं. नंदुरबारला दरसाल हिवाळ्यात सामने व्हायचे. पोलिसांचा संघ यायचा, रेल्वेचा यायचा, धुळ्याकडचे यायचे. आपल्याही शाळेचा संघ उतरवायचा म्हणून मास्तरानं अकरा पोरं निवडली. निवडली कशी? तर वाचनात पहिले आलेले अकरा! बुद्धिमान पोरं बुद्धीनं खेळतील, असा हिशेब. नंदुरबारला त्यांनी नऊ गोल खाल्ले आणि एकाला चष्मा हरवून यावं लागलं.

घरी परतताना मास्तर रागारागानं आडरानातून चालत निघाला आणि बाभळीचा लांबलचक काटा वहाणेतून आरपार त्याच्या टाचेत गेला. लोकांनी त्याला उचलून रूपीबाईच्या बाजेवर आणून टाकलं.

"मास्तर, हाऊ पाय बठेल माणूसना शे," रूपीबाई पाय पुसता पुसता म्हणाली. "टाच कशी लोण्यानी शे देख."

मास्तर आधीच पोळलेला. तो म्हणाला, "मन्हा पाय ऱ्हाऊ दे, बाई. मले पयनारा पाय पाहिजेत. अकरा. शेत का तुन्हा कडे?"

तो चेष्टेनं बोलला. रूपीबाईनं मात्र काटा काढता काढता नावं सांगायला सुरुवात केली. दलपत, गुरं राखणारा. त्याचे सगळे काटे चवड्यात, टाच जमिनीला टेकतच नाही. उखा, त्याच्या करंगळीच्या बाजूला जखमांची रांग, म्हणजे तो धावता धावता वळतो. जालमसिंग, त्याच्या पायात काटे नसतात पण गुडघे-कोपरं कायम सोललेली. मध काढायला झाडावर चढतो, पडतो आणि हसत उठतो. "ज्याले पडानं भ्याव नही, त्याले तुन्हा त्या दोन खांबमा उभा कर." काटा निघाला तोवर अकरा नावं झाली होती. त्यातले पाच शाळेत होते, सहांनी शाळा फक्त बाहेरून पाहिली होती. मास्तरानं त्या सहांची नावं दुसऱ्या दिवशी पटावर घातली.

मास्तर तसा मनानं वाईट नव्हता. पण नवापूरच्या चार शहाण्यांत जाऊन 'संघ एका काटे काढणाऱ्या बाईनं निवडला' असं सांगायची त्याची छाती नव्हती. ते लोक हसून हसून लोळले असते. त्यानं गप्प राहायचं ठरवलं, आणि गप्प राहणं माणसाला लवकर अंगवळणी पडतं.

आता रायसिंगचं सांगायला हवं. तो सतरा वर्षांचा झाला होता. चिंध्यांचा चेंडू करून कापलेल्या भातशेतातल्या धसकटांत तो दलपत-उख्याबरोबर संध्याकाळी खेळायचा, आणि चेंडू दिसला की त्याला तहानभूक राहायची नाही. रूपीबाईनं त्याचा खेळ कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी गुरं परतली, माणसं परतली की तिच्या अंगणात पायांची गर्दी व्हायची. त्यातच बातमी आली की रेल्वेचा साहेब चांगल्या खेळाडूंना नोकरीत घेतो. म्हणजे खलाशी, पोर्टर, निळी बंडी, महिन्याचा बांधलेला पगार. जंगलात कुऱ्हाड चालवायला आणि दुसऱ्यांच्या शेतात राबायला जाणाऱ्या पोरांना हे केवढं मोठं दार! रायसिंगनं तर त्या दाराखेरीज दुसरं काही बघायचंच सोडलं. "माय, मन्हं नाव लेतीन ना?" असं तो रोज भाकरी खाताना विचारायचा.

मास्तर मैदानावर पोरांना पळवत होता तेव्हा दलपतबरोबर येऊन पळणारा रायसिंग त्याच्या नजरेत भरला. आयुष्यात एकदाच त्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी खरं दिसलं होतं. तो मुद्दाम करंजपाड्याला आला.

"बाई, तुन्हा आंडोर बरा पयस. त्याले लेऊ का?"

रूपीबाईचे हात थांबले. मांडीवर कोणाचा तरी पाय होता, तो तिनं खाली ठेवला. आपण हो म्हणावं असं तिला आतून फार वाटलं. एका शब्दाचं तर काम होतं. पण तिनं दुसऱ्यांच्या पोरांना पायांवरून पारखलं होतं, आणि ज्यांची नावं तिनं घेतली नव्हती त्यांच्याही आया होत्या. आपल्या पोराला वेगळा नियम लावला तर उद्या कोणत्या तोंडानं त्यांचे पाय मांडीवर घ्यायचे? ह्याला प्रामाणिकपणा म्हणावं की गर्व, देव जाणे. दोन्ही असेल.

"नही मास्तर," ती म्हणाली. "तो पयत नही. तो काटा देखीसन पाय टाकस. दहा वरीसमा त्याले एक काटा नही लागना. चेंडू वर जाई आणि हाऊ खाले देखत ऱ्हाई. तुले हराडी टाकी तो."

मास्तरानं एकदा स्वतःच्या अकलेनं नऊ गोल खाल्ले होते. त्यानं लगेच मान डोलावली. संघ त्यानं तिनं सांगितलेल्या अकरांचाच ठेवला, आणि रायसिंगनं कारण विचारलं तेव्हा सरळ सांगून टाकलं की तुझ्या आईनंच नको म्हटलंय. गप्प राहायची इतकी सवय असलेला माणूस, पण जिथे गप्प बसायचं तिथे नेमका बोलला.

रायसिंग घरी आला. रूपीबाई तांदूळ पाखडत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"माय, मन्हा पायमा काय खोट शे?"

"खोट नही रे बेटा," ती म्हणाली. "तुले काटाच लागत नही. तू जपीसन चालस. ज्याले काटा लागत नही तो खेयना कामना नही. पण तू मन्ही आन पाळी, हाई मले त्या रेल्वेनी नोकरीथून मोठं शे."

रायसिंगचे ओठ एकदा हलले. मग तो थोडा हसला, म्हणाला, "हां माय, खरं शे," आणि सुपातले चार दाणे तोंडात टाकून उठला. चिंध्यांचा चेंडू त्यानं शेजारच्या पोरांना देऊन टाकला.

त्या हिवाळ्यात संघ नंदुरबारला जिंकला. पोलिसांना हरवलं, रेल्वेला हरवलं, आणि चांदीचा करंडक बैलगाडीत ठेवून नवापुरात वाजतगाजत आणला. मग श्रेयाचा बाजार भरला. हेडमास्तर म्हणाले, शाळेच्या शिस्तीनं जिंकलो. मामलेदार कचेरीतले कारकून म्हणाले, चेंडू आमच्या साहेबांनी दिला होता. धान्याचा व्यापारी म्हणाला, पोरांना खिचडी माझ्याकडची. धुळ्याच्या एका पत्रानं तर रकाना भरून लिहिलं की 'रा. पितांबर मास्तर यांची पारखी नजर ही खानदेशास लाभलेली देणगी होय.' मास्तरानं ते कात्रण चौकटीत बसवलं. रूपीबाईच्या कानावर हे येत होतं आणि तिला त्याचं काडीचंही सुखदुःख नव्हतं. अकरा पायांच्या जोड्या बरोबर निघाल्या, तिचं समाधान तेवढ्यात होतं. तिला टोचत होतं ते वेगळंच. रायसिंग सामना बघायला नंदुरबारला गेला होता, ओरडून ओरडून घसा बसवून आला होता, आणि आईला सगळा सामना सांगत होता. दलपतनं चेंडू कसा घेतला, उखा कसा वळला. सांगता सांगता त्याचे पाय जमिनीवर आपोआप हलत होते. तिनं नेहमीप्रमाणे तिकडे बघायचं टाळलं.

पुढच्या वर्षी दलपत आणि उखा रेल्वेत लागले. दोन जागा रिकाम्या झाल्या. मास्तर पुन्हा आला, आणि या खेपेला त्यानं स्वतःहून गळ घातली. "बाई, एकदाव त्याले पयाडी तं देखू." रूपीबाई म्हणाली, "माय मी शे का तू?" आणि तिनं पलीकडच्या पाड्यातल्या दोघांची नावं सांगितली. ते दोघंही चांगले निघाले. संघ पुन्हा जिंकला. मास्तराच्या पारखी नजरेवर आणखी एक रकाना आला.

रायसिंगनं त्यानंतर कोणाजवळ काही विचारलं नाही. पस्तीस साली तो डांगच्या जंगलात लाकूडतोडीला गेला. होळीला घरी यायचा, ढोल वाजवायचा, चार दिवस राहायचा आणि परत जायचा. तिकडे ताप फार होता. पहिल्या वर्षी तो बारीक झाला, दुसऱ्या वर्षी पिवळा. रूपीबाई म्हणायची, आता पुरे, घरी रहा. तो म्हणायचा, घरी राहून काय करू, काटे मोजू? असं म्हणून तो हसायचा आणि तीही हसायची.

सदतीसच्या होळीला तो आला नाही. होळीनंतर नवव्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबरच्या चौघांनी त्याला गाडीत घालून आणलं. ताप डोक्यात गेला होता. वाटेतच, सीमेवरचा ओढा ओलांडताना, त्यानं जीव सोडला होता. बावीस वर्षांचा.

अंगणात त्याला न्हाऊ घालायचं ठरलं. बायांनी पाणी आणलं. रूपीबाई रडत नव्हती. ती म्हणाली, पाय मी धुते. आता कोणाची दृष्ट कोणाला लागणार होती? तिनं दगडावर बसून लेकाचे पाय मांडीवर घेतले, ओलं फडकं फिरवलं, आणि सवयीनं तिचा अंगठा तळव्यावरून सरकायला लागला.

चवड्यात जखमांचे कठीण वण होते. एकावर एक, जुने, त्याहून जुने. करंगळीच्या बाजूला टाचेपर्यंत रांग. असा पाय तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. दलपतचा ह्याच्यापुढे काहीच नव्हता, उख्याचा नव्हता. अकराच्या अकरा जणांचं जे जे चांगलं तिनं वेगवेगळ्या पायांत वाचलं होतं, ते सगळं ह्या एका पायात होतं.

"हाई काय शे?" ती म्हणाली. "गंगी, हाई काय शे?"

गंगीबाई खाली बसली आणि धाय मोकलून रडायला लागली. रडत रडत तिनं सगळं सांगितलं. रायसिंगला काटे लागायचे. सगळ्या पाड्यात सगळ्यांत जास्त लागायचे, कारण तो खाली कधी बघायचाच नाही. काटा लागला की तो सरळ, न लंगडता, दात आवळून अंगण ओलांडायचा आणि मागच्या दारानं आत्याकडे यायचा. ती तिला जमेल तसा सुईनं उकरून काढायची. तो आवाज करायचा नाही. वर तिलाच बजावायचा, मायला सांगू नको, माय मरेल. सात वर्षांचा होता तेव्हापासून. आणि मास्तरानं नको म्हटलं त्या दिवशी गंगीबाई म्हणाली होती, आता तरी पाय दाखव, वेड्या. तर म्हणाला, "नोकरी दुसरी भेटी, आत्या. माय दुसरी कथी भेटी?"

रूपीबाईनं ऐकलं. तिचा अंगठा एका जागी थांबला होता. उजव्या चवड्यात, वरून कातडं धरलेलं, आत काहीतरी होतं. तिनं बाभळीचा काटा मागितला. चौघे खांदेकरी म्हणाले, आता कशाला, उशीर होतोय. ती म्हणाली, थांबा. तिनं कातडं हळूच बाजूला केलं, जिवंत माणसाला दुखू नये तितक्या हळू, आणि आतलं काळं पडलेलं टोक बाहेर काढलं. मग पुन्हा सगळा तळवा तपासला, दुसराही तपासला, आणि तेव्हाच म्हणाली, "निघना समदा. आते लई जा." त्यानंतर ती जी रडली, ती तीन पाड्यांत ऐकू गेली.

अडतीस साली पितांबर मास्तराची बदली रनाळ्याकडे झाली. शाळेच्या पटांगणात निरोपाचा समारंभ ठरला. करंडक टेबलावर मांडले होते. रेल्वेची निळी बंडी घालून दलपत आणि उखा आले होते, जालमसिंग आला होता, जुने सगळे आले होते. मास्तराच्या मनाला वर्षभर काहीतरी खात होतं. रायसिंगची माती झाली त्या दिवसापासून त्याला ते कात्रण भिंतीवर बघवत नव्हतं. जाण्याआधी आपण खरं बोलायचं, आणि त्या बाईच्या दुःखावर तेवढीच फुंकर घालायची, असं त्यानं ठरवलं होतं. आईनं लेकाला का नको म्हटलं ते त्याला ठाऊक होतं. पाय धुताना तिला काय दिसलं, ते मात्र पाड्यानं पाड्यातच ठेवलं होतं.

त्यानं रूपीबाईला बोलावून घेतलं आणि पुढे खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर बसायची तिला सवय नव्हती. ती अगदी कडेला टेकली.

मास्तर बोलायला उभा राहिला. त्यानं खरोखरच काही लपवलं नाही. नऊ गोलांची गोष्ट सांगितली, स्वतःच्या लोण्यासारख्या टाचेची सांगितली, लोक हसले. मग म्हणाला की पत्रांनी माझ्या नजरेचे पोवाडे गायले, ते सगळे खोटे आहेत. संघातला एकेक गडी ह्या बाईनं निवडला. एकही चुकला नाही. स्वतःच्या मुलालासुद्धा तिनं वेगळं माप लावलं नाही. "अशी पारख मी उभ्या जन्मात पाहिली नाही," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. त्यानं शाल तिच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला. पटांगणभर टाळ्या वाजल्या. दलपत पुढे येऊन तिच्या पायावर डोकं ठेवून गेला, मग उखा, मग जालमसिंग, मग एकेक करून सगळे. ती प्रत्येकाच्या पायांकडे बघत होती.

"दोन शब्द बोल, बाई," मास्तर म्हणाला.

रूपीबाई उठली. शाल काढून तिनं नीट घडी केली, टेबलावर करंडकाशेजारी ठेवली, वर नारळ ठेवला. टाळ्या थांबल्या. तिला काय करायचंय ते कोणाला कळेना. मास्तर दोन पावलं पुढे आला. "काय झायं, बाई?"

"बारा व्हतात, मास्तर," ती म्हणाली. "मी अकराच देखात. जो समदासमा मोठा व्हता, त्यान्हा पाय मी मांडीवर लीन्हाच नही. तो मेल्यावर लीन्हा."

दलपतनं मान खाली घातली. तो आणि रायसिंग धसकटांत एकत्र खेळले होते, त्याला ठाऊक होतं. मास्तराला अजून उमजत नव्हतं. तो तिचा हात धरून म्हणाला, "पण बाई, तुन्हा सारखी पारखी बाई..."

रूपीबाईनं हात सोडवून घेतला.

"मले पारखी म्हनू नको, मास्तर," ती हळू आवाजात म्हणाली. "तो आयकी ऱ्हायना व्हई."